कंपनीचा मेडिक्लेम सोडून स्वतःची हेल्थ पॉलिसी कशी निवडलीत? अनुभव सांगा

मोगरा:
आम्ही बाणेरला राहतो. सोसायटीत जवळजवळ सगळेच आयटीतले नाहीतर डॉक्टर किंवा बिझनेसवाले, पार्किंगला घरटी दोन गाड्या, पण हेल्थ इन्शुरन्सचा विषय काढला की निम्म्या लोकांचं एकच उत्तर, "कंपनीचा आहे ना". आमचंही तेच होतं. जानेवारीत नवऱ्याची नोकरी गेली, तीन महिन्यांचा पगार हातात मिळाला पण मेडिक्लेम मात्र शेवटच्या दिवसाबरोबर बंद. तो ४७, मी ४५, लेक १५. त्याला २०२३ पासून बीपीची गोळी चालू आहे. आता वैयक्तिक पॉलिसी शोधतोय आणि चार दिवस नुसते ब्रोशर वाचून डोकं गरगरतंय. तुम्ही काय बघून घेतलीत, काय बघायचं राहिलं, क्लेमच्या वेळी काय झालं, ते सविस्तर लिहा प्लीज. एजंटचे नंबर नकोत, अनुभव हवेत.

कर्वेरोड:
मोगरा, सगळ्यात आधी एचआरला मेल टाक, आजच. ग्रुप पॉलिसीतून (म्हणजे कंपनीच्या मेडिक्लेममधून) त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे आधीच्या आजारांना कव्हर सुरू व्हायला थांबावं लागतं त्या काळात धरतात, पण हे आपणहून कुणी सांगत नाही. मी २०२१ ला रिटायर झालो, निघायच्या दोन महिने आधी मागे लागून हे करून घेतलं, म्हणून माझ्या डायबिटीसला पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागलं नाही. माझ्याबरोबरच रिटायर झालेल्या मित्राने "बघू नंतर" म्हणत वर्ष घालवलं आणि मग नवीन पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी नव्याने वेटिंग लागलं. आता नियमाने ते जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, पूर्वी ४ होतं, पण साठीनंतर तीन वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.

पाषाणवाला:
रूम रेंट बघा. मी नव्हतं बघितलं. ५ लाखांची जुनी पॉलिसी, त्यात रूमला १ टक्का म्हणजे दिवसाला ५,००० ची मर्यादा. बायकोचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आमच्या इथल्या हॉस्पिटलात सिंगल रूम ९,००० ची होती. मी मनाशी हिशोब केला की वरचे चार हजार गुणिले चार दिवस, सोळा हजार आपण भरू, त्यात काय एवढं. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कागद हातात आला तेव्हा कळलं की कपात फक्त रूमवर नसते. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे नवातले पाचच भाग मंजूर. बिल ३,५६,००० झालं होतं. रूमच्या ३६ हजारांचे २० हजार मिळाले, सर्जन-ओटी वगैरेच्या १,८०,००० चे १ लाख मिळाले. औषधं, इम्प्लांट आणि टेस्ट यांना ही कात्री लागत नाही, ते १,४०,००० होते, पण त्यातून ग्लोव्ह्ज, मास्क, किट असले १४ हजार वगळले. खिशातून गेले १ लाख १० हजार. पैसे भरू शकलो, तो प्रश्न नव्हता. पण दहा वर्षं हप्ते भरले आणि हे एक वाक्य वाचलं नाही याचं फार वाईट वाटलं. पुढच्या रिन्यूअलला पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेली. रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो हे लक्षात ठेवा. आता "सिंगल प्रायव्हेट रूम, रुपयांची मर्यादा नाही" असं लिहिलेलीच घेतली आहे आणि सोबत ते ग्लोव्ह्ज-किटवालं कन्झ्युमेबल्सचं रायडर, म्हणजे जोडीला घ्यायचं जादा कव्हर.

सहकारनगरची_सून:
आमच्याकडे पैसा आहे, पॉलिसी कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण आम्ही तेच म्हणायचो. एफडी होत्या, म्युच्युअल फंड होते. २०२२ मध्ये नवऱ्याला स्ट्रोक आला, १९ दिवस आयसीयू. सगळी गुंतवणूक त्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि फोन उघडायचा तो त्याच्या अंगठ्याने. आयसीयूत संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडायचे, त्या दहा मिनिटांत मी फोन त्याच्या हाताखाली धरायचे, उजवा हात सुजलेला म्हणून अंगठा लागायचाच नाही. बाहेर बिलिंगवाले दर दोन दिवसांनी डिपॉझिट मागत होते. शेवटी भावाने पैसे भरले. नवरा आता बराय, चालतो, बोलतो. पण त्याला आता पॉलिसी द्यायला दोन कंपन्यांनी सरळ नकार दिला. माझी आणि मुलाची मात्र मी त्याच महिन्यात काढली. तब्येत ठणठणीत असतानाच काढायची असते हो, नंतर पैसे असून कुणी देत नाही.

लेक_सॅनहोजेहून:
मी इकडे कॅलिफोर्नियात, आईबाबा औंधला, ६८ आणि ७१. इथे २०१४ पासून आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारता येत नाही, त्यामुळे मला वाटायचं तिकडेही पैसे टाकले की झालं. तसं नाहीये, तिकडे कंपनी नाकारू शकते नाहीतर लोडिंग लावते, म्हणजे हप्ता वाढवून मागते. एप्रिल २०२४ पासून ६५ च्या वरच्यांनाही नवीन पॉलिसी घेता येते एवढं बरं झालंय. आईला मिळाली, पण २० टक्के को-पे सकट, म्हणजे क्लेमचा तेवढा वाटा आपणच भरायचा. बाबांना ७० च्या वरचं आयुष्मान कार्ड मिळालं, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि ५ लाखांचं कव्हर आहे, पण त्यांचं नेहमीचं हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं. तर ज्यांचे आईवडील तिकडे एकटे आहेत त्यांनी घराजवळचं हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत आहे का हे स्वतः फोन करून विचारा, वेबसाइटवर विसंबू नका. आणि सीनियर सिटिझनचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाशी (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बोलावं लागतं, हा नियम २०२५ च्या जानेवारीत आला.

सिंहगडकर:
फॉर्म स्वतः भरा!! आमच्या एजंटने वडिलांच्या फॉर्मवर सगळीकडे "नाही" टिक केलं, "शुगर लिहिली तर हप्ता वाढेल काका" म्हणाला, आणि वडिलांनी विश्वासाने सही केली. शुगर २०१६ पासून होती. २०२३ मध्ये बायपास झाली, हॉस्पिटलच्या केस पेपरवर पहिल्याच ओळीत डॉक्टरांनी लिहिलं "मधुमेह, सात वर्षं". क्लेम नाकारला, पॉलिसीही रद्द केली. पुण्यात विमा लोकपालांचं ऑफिस आहे तिथे गेलो, फी नाही, वकील लागत नाही, आमचं नीट ऐकून घेतलं, पण फॉर्मवर सही वडिलांची होती, तिथे आमचं काही चाललं नाही. पाच वर्षं सलग भरली की कंपनी लपवलं-बिपवलं म्हणून नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध केली तर वेगळं, पण आमचं तर वर्षही नीट झालं नव्हतं. सुनावणीहून परत येताना वडील रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. आपल्यामुळे पोराचे पैसे गेले हे त्यांनी अजून मनातून काढलेलं नाही. एजंट फोन उचलत नाही.

मोगरा:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिंहगडकर, तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली. वडिलांना नमस्कार सांगा.

आमचं काय ठरलं ते सांगते. एचआरने उत्तर दिलं की मुदत संपली, त्यामुळे तो रस्ता बंद, कर्वेरोड काकांचं आधी वाचायला हवं होतं. फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच पॉलिसी, घेत नाही. त्यात घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर हप्ता धरतात, आणि एकाच्याच आजारपणात सगळं कव्हर संपलं तर बाकीचे उघडे. नवऱ्याची वेगळी, माझी वेगळी, लेकीची वेगळी, प्रत्येकी १० लाख, वर सुपर टॉप-अप, तो १० लाखांच्या पुढचा खर्च बघतो म्हणून स्वस्तात पडला. रूमला मर्यादा नाही, हे पाषाणवाल्यांमुळे दोनदा तपासलं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तो वाचलेला पैसा टॉप-अपला लागला.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर नवऱ्याची सगळी फाइल काढून बसलो. त्याचा आपला सूर, "बीपी काय, सगळ्यांनाच असतं". मी प्रिस्क्रिप्शन समोर ठेवून एकेक वाचत गेले आणि तो लिहीत गेला. टेलमिसार्टन ४०, रोज सकाळी एक, २०२३ पासून. मग त्यालाच आठवलं, २०१८ मध्ये किडनी स्टोन झाला होता, दोन दिवस ॲडमिट होता, मी तर साफ विसरले होते. तेही लिहिलं. लोडिंग लागेल म्हणाले, लागू दे. शनिवारी सकाळी उपाशीपोटी ब्लड टेस्टला बोलावलंय.