वायरवालं हातात धरायचं हर्ब व्हेपोरायझर घ्यावं का? बॅटरीला कंटाळलोय

निवांतसंध्याकाळ

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं माझ्याकडे बॅटरीवरचं एक छोटं ड्राय हर्ब व्हेपोरायझर आहे, म्हणजे सुकी पानं-फुलं न जाळता नुसती तापवून त्यांची वाफ ओढायचं यंत्र, रात्री झोपायच्या आधी थोडं कॅमोमाइल, थोडं लॅव्हेंडर, कधीतरी लेमन बाम (लिंबासारख्या वासाची पानं), एवढाच वापर. सुरुवातीला मस्त चाललं पण आता बॅटरी पार बसलीये, फुल चार्ज दाखवते आणि चौथ्या-पाचव्या कशाला लाल दिवा लावून बंद पडते, मग आत अर्धवट गरम झालेलं हर्ब तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी तेच परत तापवलं की चव अगदी शिळी लागते. बॅटरी आत चिकटवलेली आहे, बदलायची सोयच नाही.

म्हणून विचार करतोय की सरळ वायरवालं घ्यावं. प्लगला लावायचं पण हातात धरून ओढायचं असं, ते टेबलावर ठेवायचे मोठे फुग्यावाले नकोत. तसंही मी हे बाहेर कुठे नेत नाही, खिडकीजवळच्या खुर्चीतच बसतो. पण कन्व्हेक्शन, कंडक्शन, हायब्रिड, डायलवालं, डिजिटल, काचेची नळी, स्टीलची नळी, वाचून वाचून डोकं भणभणलंय. आणि वायर हातात सारखी अडकत नाही का? कोणी रोज वापरत असेल तर खरं खरं सांगा प्लीज.

थर्मोस्टॅट_आणि_मी

मी वायरवालंच वापरतो, रोज, आणि परत बॅटरीकडे जाणार नाही. कारण एकच, उष्णता शेवटपर्यंत तेवढीच राहते. लहान बॅटरीला जेवढी ताकद देता येते तेवढ्यात हीटर कसाबसा तापतो, आणि तुम्ही जोरात ओढलंत की आत येणारी गार हवा त्याला थंड करून टाकते. प्लगवाल्यात दीडशे-दोनशे वॉटचा हीटर सहज बसतो आणि चांगला वजनदार धातू वापरलेला असतो, त्यामुळे कश लांब घेतला तरी तापमान फारसं कोसळत नाही. खरा फरक हाच, बाकी सगळं त्याच्यानंतर.

कन्व्हेक्शन-कंडक्शनचं सोपं आहे. कंडक्शनमध्ये हर्ब गरम भिंतीला टेकलेलं असतं, तुम्ही ओढा नाहीतर नुसते बसा, ते भाजत राहतं. कन्व्हेक्शनमध्ये हीटर वेगळा, हर्ब वेगळं, तुम्ही ओढाल तेव्हाच गरम हवा त्यातून जाते. हायब्रिडमध्ये दोन्ही थोडं थोडं. तुम्ही निवांत, मधे मधे थांबून घेणारे दिसताय, तुमच्यासाठी कन्व्हेक्शनच, नाहीतर मधल्या पाच मिनिटांत लॅव्हेंडरचा सगळा सुगंध खोलीत उडून गेलेला असेल.

हातात धरायच्या वायरवाल्यांत सगळ्यात माहितीतलं म्हणजे स्टोर्झ अँड बिकेलचं प्लेंटी. दिसायला ड्रिल मशीनसारखं, वर स्टीलच्या स्प्रिंगची वेटोळी नळी असते, त्या वेटोळ्यातून येईपर्यंत वाफ गार होते. डायलवर १ ते ७ आकडे, म्हणजे साधारण १३० ते २०२ अंश सेल्सिअस. आत बायमेटलचा थर्मोस्टॅट आहे, म्हणजे इस्त्रीसारखं, तापलं की कट, थोडं उतरलं की परत चालू, त्यामुळे तापमान किंचित वरखाली होत राहतं. मला ते चालतं. ज्यांना अंशाअंशाचा हिशोब हवा त्यांनी पीआयडी कंट्रोलरवालं, म्हणजे तापमान सतत मोजून नेमकं राखणारं इलेक्ट्रॉनिक, बघावं, त्यात कंट्रोलरचा डबा टेबलावर आणि तापणारं डोकं वायरने जोडलेलं हातात असतं. पण तिथे एक लक्षात ठेवा, स्क्रीनवरचा आकडा हीटरचा असतो, हर्बचा नसतो. हर्बपर्यंत पोचेपर्यंत हवा बरीच उतरलेली असते, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनचा आकडा तुमच्या मशीनवर लावून काही उपयोग नाही.

आणि घेताना व्होल्टेज आधी बघा!! ११० व्होल्टचा साधा हीटर २२० ला लावला तर ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि क्षणात जळतो. उलट २२० चा ११० ला लावला तर पाव ताकदीवर नुसता कोमट बसून राहतो. परदेशातून मागवणारे हमखास इथेच फसतात.

हिरवीपानं

मशीनचं वर सांगितलंच आहे, मी हर्बचं बोलते कारण त्याकडे कोणी बघतच नाही.

लॅव्हेंडर खायच्या दर्जाचंच घ्या. सजावटीच्या वाटीत ठेवायला जी सुकी फुलं मिळतात त्यांना बऱ्याचदा वरून अत्तर लावलेलं असतं, कधी रंगही, ते तापवून छातीत ओढायची वस्तू नाही. इसेन्शियल ऑइलचे थेंबही चेंबरमध्ये, म्हणजे हर्ब भरायच्या कप्प्यात, टाकू नका, शुद्ध तेल फुप्फुसात जाणं फार वाईट. आणि कॅमोमाइल हे शेवंती-झेंडूच्या कुळातलं आहे, त्या फुलांच्या परागांनी ज्यांना शिंका, खाज, दम लागतो त्यांनी कॅमोमाइलच्या वाटेला जाऊ नये.

तापमान वनस्पतीप्रमाणे बदलतं. निलगिरी आणि लॅव्हेंडरला १३० च्या आसपास पुरतं, लेमन बामला १४२, हॉप्सला १५४, कॅमोमाइल, सेज आणि थाइमला मात्र १९० पर्यंत जावं लागतं. खूप जण म्हणतात की लॅव्हेंडरमधलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य १९८ ला उकळतं मग १३० ला कसं निघेल. अहो, दोरीवरचे कपडे वाळायला पाणी १०० पर्यंत न्यावं लागतं का? उकळायच्या कितीतरी आधी सुगंधी द्रव्यं हवेत जायला लागतात, गरम हवा नुसती त्यांना उचलून नेते. म्हणून तुमचं कॅमोमाइल आणि लॅव्हेंडर एकत्र भरायचं असेल तर खालून सुरुवात करा, आधी लॅव्हेंडर येईल, मग हळूहळू वर न्या. २३० च्या वर जायचं कारणच नाही, तिथून पुढे पान करपायला लागतं आणि मग तो धूरच झाला की.

वाफ धुरापेक्षा सौम्य लागते हे खरं पण म्हणून ती निरुपद्रवी झाली असं नाही. दमा असेल, छातीचं काही दुखणं असेल, पोटात बाळ असेल तर हे नकोच.

निवांतसंध्याकाळ

बापरे, तो अत्तराचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. माझ्याकडचं लॅव्हेंडर आत्ता पाकीट उघडून बघितलं, वास फारच तीव्र आहे आणि बोटाला हलका चिकटपणा येतोय. टाकून देतो. ताई, मनापासून आभार.

वायरचं कोणी सांगेल का?

कथील_आणि_तार

वायरचं मी सांगतो, दुरुस्तीला येणाऱ्या अशा दहा मशीनमधली बहुतेक फक्त वायरपायी आलेली असतात. हीटर ठणठणीत, कंट्रोल ठणठणीत, आणि वायर जिथे बॉडीत शिरते त्या मानेपाशी आतली तांब्याची तार तुटलेली. वरून रबर अख्खं दिसतं म्हणून कळत नाही. मान थोडी वाकवली की चालू, सोडली की बंद, असं व्हायला लागलं तर त्याच दिवशी वापर बंद करा. ते तुटलेलं टोक ठिणगी पाडतं, आणि तुम्ही ते तोंडाजवळ धरलेलं असतं.

घेताना बघा की वायर काढता येते का. मागे सॉकेट असेल आणि वायर वेगळी येत असेल तर डोळे झाकून तेच घ्या, खराब झाली की दुसरी लावली, संपलं. कायमची जोडलेली असेल तर मानेपाशी लवचिक रबरी बाही आहे ना ते हात लावून बघा. वायर सिलिकॉनची असली तर उत्तम, मऊ असते, हाताला ओढत नाही आणि चुकून गरम भागाला टेकली तरी लगेच वितळत नाही. साधी पीव्हीसीची वायर उष्णतेने कडक होत जाते आणि मग चिरते.

बॉडी धातूची असेल तर तीन पिनांचा प्लग पाहिजे, अर्थिंगसकट. दोनच पिना असतील तर बॉडीवर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा, ती म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. दोन्ही नसेल तर घेऊ नका, कितीही छान दिसलं तरी.

वापरताना वायर मनगटावरून एक सैल वळसा देऊन मांडीवर सोडायची, म्हणजे ओढ मानेवर न येता हातावर येते. दोन दिवसांत सवय होते. आणि वापरून झालं की गरम बॉडीभोवती वायर घट्ट गुंडाळायची सवय लावून घेऊ नका, त्या एका सवयीने जेवढ्या वायरी मेल्यात तेवढ्या दुसऱ्या कशाने नसतील. एक्स्टेंशन बोर्ड चालतो, दोनशे वॉट म्हणजे २३० व्होल्टला एक अँपिअरसुद्धा भरत नाही, फक्त प्लग सैल बसत नाही ना तेवढं बघा.

पायवाट७

थोडं वेगळं मत. माझ्याकडे वायरवालं होतं, मुलगा पळत आला, पाय वायरीत अडकला, मशीन खाली, काचेची नळी चक्काचूर आणि गरम चेंबर सतरंजीवर. मुलाला काही झालं नाही पण त्या दिवसापासून माझी छाती अजून धडधडते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर बदलता येणाऱ्या बॅटरीवालं घ्या, बॅटरी बसली की नुसती बॅटरी नवीन. वायरवालं वाईट नाही, पण घर बघून घ्या.

निवांतसंध्याकाळ

सांगितलंत ते बरं केलंत. मी एकटाच राहतो, प्लग खुर्चीच्या अगदी मागे आहे, वायर कोणाच्या वाटेत येणार नाही. तरी काचेऐवजी स्टीलची नळीच बघतो.

निवांतसंध्याकाळ

तीन आठवड्यांनी परत आलोय. घेतलं. कन्व्हेक्शन, डायलवालं, वायर वेगळी निघणारं, स्टीलची नळी. आल्या आल्या चेंबर रिकामं ठेवून खिडकी उघडून दोनदा पूर्ण तापवलं, पहिल्यांदा चक्क मशीन ऑइलसारखा वास आला, दुसऱ्यांदा नाही आला.

पण खरं सांगू का, पहिले चार दिवस रडवलं. वाफच येईना. मी ग्राइंडरमध्ये हर्ब अगदी पीठ करून टाकत होतो, जुन्या मशीनची सवय, वर बोटाने दाबून भरत होतो, मग ओढायला इतकं जड जायचं की गाल आत जायचे, आणि बारीक पूड जाळीतून सुटून जिभेवर यायची. वाटलं वाफ येत नाही म्हणजे तापमान कमी, म्हणून डायल सरळ शेवटपर्यंत फिरवला, मग घसा असा खरवडला की रात्रभर खोकत होतो. आता भरड ठेवतो, दाबत नाही, थोडं बरं आहे. पण वापरून झाल्यावर चेंबर उघडलं की कडेने गडद तपकिरी कडं आणि मधे अजून फिकट हिरवं राहिलेलं दिसतं. हे बरोबर आहे का?

थर्मोस्टॅट_आणि_मी

अभिनंदन! ते कडं म्हणजे गरम हवा मधून न जाता भिंतीला धरून वाट काढतेय. दोन कारणं असतात. एक, मधे गच्च आणि कडेला सैल भरलंय. भरल्यावर चेंबरला बाहेरून बोटाने दोन टिचक्या मारा, आपोआप सपाट बसतं, वरून दाबायचंच नाही. दोन, चेंबर मोठं आणि हर्ब कमी, मग ते आत इकडेतिकडे उडतं. प्लेंटीसारख्यांबरोबर तारेची एक चकती मिळते, ती वरून ठेवली की थोडंसं हर्बही जागच्या जागी राहतं. तुमच्याबरोबर आली असेल तर तीच लावा.

तिसरी गोष्ट म्हणजे ओढायचा वेग. तापल्याचा दिवा लागल्यावर लगेच ओढू नका, अजून मिनिटभर थांबा, चेंबरचा धातूही तापायला हवा. मग पहिला कश अगदी हळू, दहा सेकंदांचा, जवळजवळ नुसता श्वास घेतल्यासारखा. तो वाफेसाठी नसतोच, हर्ब गरम करायला असतो. दुसऱ्यापासून वाफ येते. ढग दिसला पाहिजे हा हट्ट सोडा, कमी तापमानाला लॅव्हेंडरची वाफ डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, जिभेला कळते. मधे एकदा थांबून काडीने हर्ब ढवळा, झालं, सगळं एकसारखं फिक्या तपकिरी रंगाचं झालं की संपलं समजायचं. काळं पडू द्यायचं नाही.

हिरवीपानं

आणि खोकल्याचं अजून एक कारण, हर्ब दमट तर नाही ना? ओलसर असेल तर पहिले दोन कश नुसती पाण्याची वाफ येते आणि ती तेवढ्याच तापमानाला कोरड्या हवेपेक्षा जास्त भाजते. चिमटीत चुरडलं की चुरचुर आवाज यायला हवा पण पूड व्हायला नको. डबा घट्ट झाकणाचा ठेवा. पाण्याचा ग्लास जवळ असू द्या, घसा कोरडा पडतोच.

कथील_आणि_तार

साफसफाईचं राहिलं. जाळी आणि नळी आठवड्याने ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, नंतर गरम पाण्याने धुवा, रात्रभर वाळू द्या. हीटरच्या भागाला अल्कोहोल अजिबात नाही, तिथे फक्त कोरडा मऊ ब्रश, तोही प्लग काढून आणि मशीन पूर्ण गार झाल्यावर. अल्कोहोल ओलं असताना कोणी मशीन चालू केलं तर पेट घेतं, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, जळालेला हीटर माझ्या टेबलावर येऊन गेलाय.

निवांतसंध्याकाळ

टिचक्या मारून, चकती लावून, मिनिटभर थांबून आत्ताच करून बघितलं. १४० च्या आसपास ठेवलं होतं. पहिल्या कशाला काहीच नाही, आणि दुसऱ्याला असा स्वच्छ लॅव्हेंडर आला की मी डोळे मिटून बसलो. नंतर कॅमोमाइलसाठी हळूहळू वर नेलं, खोकला एकदाही नाही. चेंबर उघडलं तर कडेपासून मधेपर्यंत एकच रंग. त्या वायरचा वळसा मनगटावर आहे हे मधे पार विसरूनच गेलो होतो.

नळी अल्कोहोलमध्ये टाकलीये, उद्या सकाळी धुतो.