क्लायंटची पहिली भेट: ब्लेझर आणि पीपीटी महत्त्वाचं की ड्रॉइंग?

शिरोलीकर_फाउंड्री: शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंग आणि मशिनिंगचं छोटं युनिट आहे. धाकटा भाऊ आता मार्केटिंग बघतोय, आणि चाकणच्या पार्ट्यांकडे जायचं म्हटलं की त्याचं सगळं लक्ष ब्लेझर, ब्रोशर आणि कंपनी प्रोफाइलच्या पीपीटीवर. माझं मत ठाम आहे, छाप पडते ती त्यांचं ड्रॉइंग तुम्ही किती बारकाईनं वाचून आलाय त्यावर. कुठला बोअर (आतलं गोल भोक) क्रिटिकल आहे, भिंतीची जाडी कुठं अचानक वाढते म्हणजे तिथं श्रिंकेज (धातू थंड होताना आकसून पडणारी पोकळी) यायची भीती, कुठला टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) थोडा सैल केला तर रेट खाली येईल, हे विचारलं की पर्चेसवाले स्वतःहून डिझाइनच्या माणसाला बोलावून घेतात. कपडे स्वच्छ, इस्त्रीचे असले की बास झालं. तुमचं काय म्हणणं?

चाकण_पर्चेस: दादा, मी टेबलाच्या पलीकडं बसतो म्हणून सांगतो, पहिल्या भेटीला ड्रॉइंग असतंच कुठं? ते तुम्हाला पाठवायचं की नाही हेच तर त्या भेटीत ठरतं. मग माझ्याकडं बघायला काय असतं, तर तुम्ही वेळेत आलात का, आणि जे दाखवताय ते नीट आहे का. फर्नेस किती किलोची, महिन्याला किती टन ओतता, त्यातली किती कपॅसिटी रिकामी आहे, मशिनची यादी, आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगातल्या क्वालिटीचं) सर्टिफिकेट कधीपर्यंत चालू आहे, हे पाच स्लाइडमध्ये आलं तर ते माझं काम सोपं करतं. कोल्हापूरहून पहाटे निघून तळेगाव चौकात अडकलो हे कारण मी समजू शकतो हो, पण माझ्यासोबत बसलेला प्लांट हेड समजून घेत नाही. आदल्या रात्री येऊन मुक्काम करा.

क्वालिटीवाली_ताई: मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. मी सप्लायर क्वालिटी बघते, आणि माझं मन सगळ्यात जास्त खट्टू होतं ते "होऊन जाईल मॅडम" ऐकून. काहीही विचारा, होऊन जाईल! याउलट एखादा म्हणाला की हे फिनिश आमच्याकडं मिळणार नाही, ग्राइंडिंग बाहेरून करून घ्यावं लागेल आणि त्याला चार दिवस जास्त लागतील, तर त्याच्या बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो. आणि येताना तुम्ही आधी बनवलेला एखादा पार्ट आणा, त्याचा मेजरमेंट रिपोर्ट सोबत, त्या पार्टीची हरकत नसेल तरच. रिटर्नेबल चलन (वस्तू परत न्यायची आहे असा कागद) मात्र करून आणा, नाहीतर तो पार्ट गेटवरच अडकतो.

भोसरी_टूलरूम: ताई, राग मानू नका, पण "नाही" म्हणणं पगार घेणाऱ्याला सोपं आहे. पहिल्याच भेटीत नाही म्हटलं की दुसरी भेट मिळत नाही, आमच्यासारख्या चार मशिनवाल्यांचं हे रोजचं आहे. आणि शिरोलीकर, धाकट्याला ब्लेझर घालू द्या हो. आपली पोरं कामात एक नंबर, पण समोर इंग्रजी सुरू झालं की आवाज बसतो. कपड्यांनी अंगात जरा बळ येत असेल तर त्यात वाईट काय आहे?

क्वालिटीवाली_ताई: @भोसरी_टूलरूम दादा, पूर्ण नाही म्हणा असं मी म्हटलंच नाहीये. काय जमतं, काय बाहेरून करावं लागेल, एवढं स्पष्ट सांगा. आज हो म्हणून गेलात आणि पीपॅपच्या (उत्पादनाआधी पार्ट मंजूर करायच्या तपासणीच्या) वेळी डायमेन्शन बसलं नाही तर तेव्हा माझ्याकडं काहीच पर्याय उरत नाही. आणि मराठीत बोला की बिनधास्त, पुण्यातल्या अर्ध्या मीटिंगा मराठी-हिंदीतच होतात.

जपानी_दुभाषी_पुणे: जपानी क्लायंट असेल तर थोडं वेगळं. कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या, घेतल्यावर वाचा, लगेच खिशात घालू नका, मीटिंगभर समोर टेबलावर राहू द्या. पण मी सगळ्यांना हेच सांगते की उद्या प्रॉडक्शन बघणारा माणूस आजच सोबत आणा. मालक एकटाच बोलला आणि प्रत्येक तांत्रिक प्रश्नाला "विचारून सांगतो" म्हणाला की चर्चा तिथंच थंडावते.

सातपूरकर: पेमेंटचं कोणीच बोलत नाहीये! पहिल्याच भेटीत विचारावं असं माझं मत आहे. आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असू तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, करार नसेल तर १५. आणि आयकरात २०२३-२४ पासून, मुदत उलटून वर्षअखेरीला बाकी राहिलेल्या रकमेची खरेदीदाराला त्या वर्षी वजावटही मिळत नाही. हे स्पष्ट बोलणारा माणूस धंदा समजणारा वाटतो.

चाकण_पर्चेस: @सातपूरकर साहेब, कायदा बरोबर आहे, पण ओळख व्हायच्या आत कलमं काढली की समोरचा सावध होतो. उद्यम सर्टिफिकेट (एमएसएमई नोंदणीचं) प्रोफाइलला जोडा, व्हेंडर रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये टर्म्स येतातच, तेव्हा बोला.

सातपूरकर: तोपर्यंत आमचे टूलिंगचे (पॅटर्न, साचे वगैरेचे) पैसे अडकलेले असतात ना साहेब. पॅटर्न आम्ही बनवायचा, ट्रायल आम्ही काढायच्या आणि टर्म्स नंतर कळणार, हे मला मान्य नाही. "आपल्याकडं पेमेंट किती दिवसांत होतं?" एवढा एक साधा प्रश्न चहा पिताना विचारला तर ज्याला राग येईल त्याच्याकडं मी टूलिंगमध्ये पैसे घालणार नाही.