रकाना भरला, पण नोंद झाली का?

मानसोपचाराच्या फाइलींच्या ऑडिटबद्दल (म्हणजे नोंदी ठरलेल्या निकषांवर तपासणं) तुम्ही लिहिलंय की जवळपास सगळे रकाने भरलेले निघाले, म्हणजे नोंदी चांगल्या. गोम इथेच आहे. मानसोपचाराच्या फाइलमध्ये "आत्महत्येचे विचार नाहीत" हे वाक्य प्रत्येक भेटीत शब्दशः तेच दिसलं, तर ते पेशंटला विचारून लिहिलंय की मागच्या नोंदीतून उचललंय, अशी शंका यायलाच हवी. (कॉपी-पेस्टची सोय असली की हा रोग बळावतो.)

मी आधी बघतो ते औषध बदललं तिथे कारण लिहिलंय का. उद्या दुसऱ्या डॉक्टरने फाइल उघडली तर त्याला काय कळणार? लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचंच घ्या. रक्तातली पातळी ०.९ अशी लिहिलेली असते, पण शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी रक्त घेतलं होतं का, याचा पत्ता नसतो. वेळेनुसार पातळी बदलते, मग त्या आकड्याचं करायचं काय? लिथियम घेताना लागणाऱ्या किडनी-थायरॉइडच्या तपासण्या "सांगितल्या" एवढंच. रिपोर्ट कुणी पाहिला, ते गुलदस्त्यात.

बाकी तुमचा ऑडिटचा तक्ता ठीक आहे. फक्त त्याच निकषांवर फेरतपासणी कधी आणि कोण करणार, ते त्यात दिसलं नाही. तेवढं आधीच ठरवून घ्या.