रॅपियर आला की कामगाराची मजुरी वाढते का?

धोटा
इचलकरंजीत सर्रास बोललं जातं: रॅपियर, म्हणजे धोट्याशिवाय विणणारे नवे वेगवान माग, आले की कामगाराचंही भलं होतं. हिशेब मांडून बघा. धोट्याचा साधा माग मिनिटाला १५० पिक मारतो, म्हणजे आडवा धागा १५० वेळा टाकतो, तासाला ९,०००. इंचाला ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे साधारण २,०५० पिक लागतात. तुटलेले धागे, धोट्यातल्या संपलेल्या कांड्या (आडव्या धाग्याच्या गुंडाळ्या) धरून माग ८० टक्के चालला, तर तासाला साडेतीन मीटर. सहा मागांवर बारा तासांत अडीचशे मीटर. मिनिटाला ४०० पिकाचे आठ रॅपियर तेवढ्याच वेळात नऊशे मीटर देतात. माणूस एकच, कापड साडेतीन पट! पण साध्या मागावर मजुरी पिकावर असते. रॅपियरवर ती हजेरीवर, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या रकमेवर नेली, की वाढलेलं कापड कामगाराच्या हिशेबात येतच नाही.

खर्चीवाला
गणित बरोबर, निष्कर्ष नाही. रॅपियरचा हप्ता आणि व्याज माग बंद असला तरी चालूच राहतं. मजुरीवर विणून देणाऱ्या खर्चीवाल्याला व्यापारी दरही पिकावरच देतो, आणि तो दर बाजार पाडतो. २०११ पासून बांगलादेशचे तयार कपडे आयातशुल्काशिवाय येतात, त्याचा दाब इथल्या कापडावर पडतोच. आणि पिकाचा दर कामगाराच्या फायद्याचाच असतो असं नाही. सायझिंग, म्हणजे धाग्याला खळ लावणं, कच्चं निघालं की ताण्याचे (उभे) धागे तुटतात, तुटलेल्या धाग्यावरची ड्रॉपपिन पडते, माग थांबतो. चूक सायझिंगची, मजुरी बुडते विणणाऱ्याची. हजेरीत ती बुडत नाही.

बाणा
दोघंही विणणाऱ्याचंच बोलताय. धोटा गेला की कांडी गेली. रॅपियर बाणा, म्हणजे आडवा धागा, थेट कोनवरून ओढतो. कांडी भरणाऱ्यांचं कामच उरत नाही. मागाच्या वहीफणीतून उभे धागे ओवणाऱ्या वहिफणीवाल्यांचंही तेच: कापडाची क्वालिटी तीच असेल तर नव्या बीमचे (उभ्या धाग्यांच्या रुळाचे) धागे गाठ मारायचं मशीन जोडतं, क्वालिटी बदलली तरच वहिफणी. गावात टेक्स्टाइल इंजिनिअर घडवणारी डीकेटीई ही संस्था १९८२ पासून आहे. पण माग दुरुस्त करणाऱ्या ज्या जॉबरचा हात धोटा फेकणारी पिकिंग स्टिक आणि धोट्याच्या ठोक्यावर बसलाय, त्याला बाणा पकडून नेणाऱ्या ग्रिपरचं टायमिंग आणि सेन्सर शिकवणारा छोटा मराठी वर्ग हवा, तोही पाळी सुटल्यावर. तो शिकला नाही तर बाहेरचा फिटर येतो आणि वाढीव पगार तोच नेतो.

धोटा
बाणा, हे पटलं. मी फक्त मागापुरतं बघत होतो. खर्चीवाले, तुमच्या सायझिंगच्या मुद्द्यावर मात्र उत्तर आहे. रॅपियरच्या डिस्प्लेवर पाळीचे पिक दिसतात. ताण्यामुळे किती वेळा थांबला, बाण्यामुळे किती, तेही वेगळं दिसतं. मग हजेरी हा तळ ठेवा आणि ठरलेल्या पिकांच्या वर दर लाख पिकांमागे जादा द्या. ताण्याचं थांबणं प्रमाणाबाहेर गेलं, तर तेवढ्या वेळाचे पिक कामगाराच्या खात्यात धरा.

खर्चीवाला
आठ मागांचे आकडे रोज वहीत उतरवणार कोण? दिवाणजी एकटा लिहिणार असेल तर भांडणं होणारच. पाळी बदलताना दोघांच्या सह्या हव्यात. आणि बीम संपल्यावर नवं चढवून गाठेपर्यंत माग काही तास उभा असतो, तो वेळ आधीच वजा करा. तेवढं लिहून दिलंत तर विचार करता येईल.