इंधन फिल्टर बदलताना जुन्या क्लिपा आणि वायसर पुन्हा लावावेत का?

मूळ मुद्दा (पुण्यातील डिझेल गाडीचा मालक)

गेल्या महिन्यात माझ्या २०११ सालच्या डिझेल गाडीचा फिल्टर जवळच्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतला. फिल्टर नवा आणि चांगल्या कंपनीचा होता, परंतु पाइपांवरच्या क्लिपा मात्र जुन्याच पुन्हा आवळण्यात आल्या. दोनच दिवसांत सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास देऊ लागली. स्टार्टर आठ-दहा सेकंद फिरवावा लागे, मग इंजिन एकदा खोकून चालू होई आणि त्यानंतर दिवसभर तक्रार नसे. बॅटरी तपासली, ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे प्लग) तपासले. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी जोडली, तेव्हा तिच्यातून एकामागोमाग एक बुडबुडे जाताना दिसले. फिल्टरकडे येणाऱ्या पाइपाच्या जोडातून हवा शिरत होती, आणि खाली डिझेलचा एक थेंबही सांडलेला नव्हता.

माझे मत असे की क्लिप, ओरिंग (जोड घट्ट बंद करणारे रबराचे कडे) आणि वायसर हे फिल्टरसोबत दर वेळी बदललेच पाहिजेत, कारण फिल्टरच्या किमतीपुढे त्यांची किंमत नगण्य असते. गॅरेजवाल्यांना हे का पटत नाही, ते समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १ (गॅरेजचालक, सांगली)

आपला अनुभव खरा आहे, पण त्याचे खापर जुन्या क्लिपेवर फोडणे मला मान्य नाही. फिल्टरच्या नळीला टोकाशी एक उभारलेली कड असते. क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे. ती कडेवरच चढली तर नवीकोरी क्लिपही हवा घेणारच. शिवाय जुन्या पाइपाचे टोक उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक झालेले असते व त्यावर आधीच्या क्लिपेची खोबण पडलेली असते. अशा वेळी पाइपाला पुरेशी लांबी असेल तर मी टोकाचा एक सेंटिमीटर तुकडा धारदार पात्याने सरळ कापून टाकतो, म्हणजे ताजे, मऊ रबर नळीवर बसते.

स्प्रिंगची क्लिप तर मुद्दाम जपावी. रबर कालांतराने दबले तरी ती आपला ताण टिकवून धरते. ती फेकून बाजारातली स्वस्त पेचाची क्लिप लावणारे लोक नुकसान करून घेतात, कारण त्या पट्टीच्या खाचा रबरात रुततात आणि जास्त आवळल्यास पाइप कातरला जातो. आता तांब्याच्या वायसरबद्दल सांगतो. दाबाखाली तांबे कडक होते, हे खरे. परंतु तो लालबुंद होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ पडतो. आमच्या उस्तादांनी हेच शिकवले आणि त्याने बँजो बोल्ट (ज्याच्या आतून इंधन वाहते असा पोकळ बोल्ट, त्याच्या दोन्ही बाजूंना हे वायसर बसतात) कधी गळला नाही. अॅल्युमिनियमच्या वायसरवर मात्र हा प्रयोग करू नये, तो वितळून हातात येईल.

प्रतिसाद २ (पेट्रोल गाडीचा मालक, व्यवसायाने यंत्र अभियंता)

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण असला तरी तो डिझेलच्या ओढीच्या बाजूपुरताच, म्हणजे जेथे पंप टाकीतून इंधन ओढून घेतो तेवढ्यापुरताच, लागू पडतो. तेथे जोड सैल राहिला तर हवा आत येते आणि गाडी नखरे करते, एवढेच. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत, फिल्टर टाकीबाहेर असल्यास, त्याच्या जोडावर साधारण ३ ते ४ बार दाब असतो. तेथे जोड सैल राहिला तर पेट्रोल बाहेर फवारले जाते, आणि त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. सायलेन्सरचा तापलेला पाइप बहुधा तेथून फार लांब नसतो. म्हणून ‘आमचा कधी गळला नाही’ हा युक्तिवाद मला पेट्रोलच्या बाबतीत चालत नाही.

या गाड्यांत बहुतेक प्लॅस्टिकचे दाबून बसणारे जोड असतात आणि ते प्लॅस्टिकच्या खटक्याने अडकलेले असतात. पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून दाब उतरवावा, बॅटरीची ऋण तार सोडावी आणि मगच खटका दाबावा. हा खटका स्क्रू ड्रायव्हरने उचकटला की त्याची एखादी जीभ तुटते. तुटक्या खटक्यानेही जोड बसल्यासारखा वाटतो, हीच खरी फसगत आहे. परत बसवताना नळीवर स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट फिरवावे, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे आणि नंतर उलट दिशेने जोराने ओढून पाहावे. खटक्यावर जराशी जरी चीर दिसली तरी तो बदलावा. येथे काटकसर नको.

प्रतिसाद ३ (गॅरेजचालक, सांगली)

प्लॅस्टिकच्या खटक्याबाबत आपले म्हणणे मी बिनशर्त मान्य करतो. तो मीही जुना लावत नाही. चिमटून बसवलेली कानाची क्लिपही एकदा उघडली की संपली. एक भर घालतो: एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचे रबर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गृहीत धरून निवडलेले नसते. त्यामुळे अशा गाडीत फिल्टर बदलताना पाइपाचा तुकडा नवा घातला, तर तो इंजेक्शनच्या दाबाचा आणि इथेनॉलला टिकणारा असल्याची खात्री करूनच घ्यावा. साधा कार्ब्युरेटरचा पाइप दिसायला सारखाच असतो.

पण तापवलेल्या तांब्याच्या वायसरवर मी ठाम आहे. नखाला ओरखडा लागला तर फेकावा, अन्यथा वापरावा.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

आपल्या प्रतिसादानंतर काल बोनेट उघडून पाहिले. दुसऱ्या मिस्त्रीने नवी क्लिप लावली आहे, पण त्याने पाइपाचे टोकही कापले आहे, हे मी मूळ मजकुरात लिहायचे राहून गेले. म्हणजे दोष नेमका क्लिपेचा होता की कडक रबराचा, हे आता सांगता येणार नाही. तरीही माझे मत पूर्णपणे बदललेले नाही: गॅरेजमध्ये कड कुठे आहे हे पाहणारा माणूस भेटेलच असे नाही, आणि नवी क्लिप व ओरिंग मात्र मी स्वतः खिशात घालून नेऊ शकतो. पुढच्या वेळी ते सामान नेईन, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी ती पारदर्शक नळी लावून दाखवायला सांगेन.

प्रतिसाद ४ (पेट्रोल गाडीचा मालक)

पेट्रोलवाल्यांनी नळीऐवजी टॉर्च न्यावा. इंजिन सुरू न करता चावी तीन-चार वेळा चालू-बंद केली की पंप प्रत्येक वेळी काही क्षण चालून दाब भरतो. तेवढ्यात जोडाभोवती कोरडे बोट फिरवून पाहावे.