माले: बोट चुकल्यामुळे पाहिलेलं शहर (अनुभव धागा)

मालदीवच्या फोटोंत माले कधी नसतं. निळं पाणी, लाकडी पूल, पाण्यावरच्या झोपड्या आणि झोक्यात पाय सोडून बसलेली नवीन लग्नाची जोडी, एवढंच असतं. राजधानीचं शहर विमानाच्या खिडकीतून दिसतं ते काड्यापेट्या उभ्या करून ठेवल्यासारखं, आणि आपण म्हणतो, "बाप रे, एवढी गर्दी!" आणि पुढे जातो. आम्हीही जाणारच होतो.

झालं असं की रिसॉर्टवाल्यांनी सांगितलं होतं, शेवटची बोट चार वाजता. आम्ही सकाळी शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर उतरलो, सामान ठेवायला दिलं आणि पुलावरून बसनं मालेत जेवायला गेलो. साडेतीनला परत धक्क्यावर हजर. बोट अर्ध्या तासापूर्वीच गेलेली! तिथल्या बऱ्याच रिसॉर्टांची घड्याळं मालेच्या एक तास पुढे असतात, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळचं ऊन जास्त मिळावं. आमच्या पत्रावर "बेटाची वेळ" असं बारीक अक्षरात छापलेलं होतं, तेही नंतर सापडलं. त्यात माले भारताच्या अर्धा तास मागे. नवऱ्याचं घड्याळ भारताचं, माझा फोन मालेचा आणि बोट तिसऱ्याच वेळेची.

थोडी भांडाभांडी झाली, मग मुकाट्यानं पुन्हा मालेत. रात्री अकराला आम्ही दोघं एका कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाबाहेर बसलो होतो आणि आजूबाजूला निम्मं शहर. दारू नाही, त्यामुळे तरुण पोरं कॉफीवर रात्र काढतात. स्कूटर इतक्या की फुटपाथवरही आपण पाहुणे. आणि कुठल्याही गल्लीत शिरा, चालत राहा, शेवटी समुद्रच. मूळ बेट दोन चौरस किलोमीटरच्या आसपास. आम्ही रात्रीच काठाकाठानं मोठा फेरफटका मारला.

दुसऱ्या दिवशीचा निळा समुद्र सुंदरच होता. पण घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगते ती मालेचीच गोष्ट. तुमच्यापैकी कोणी तिथे थांबलंय का? मुद्दाम, चुकून, कामानं, कसंही. लिहा.

कुपाखाऊ

मी मुद्दाम थांबले, आणि फक्त मासळीबाजारासाठी. माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे कुठेही गेले की आधी बाजार बघायचा ही खोड आहे. मालेचा बाजार उत्तरेच्या धक्क्याला लागून आहे. दुपारनंतर धोण्या, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या होड्या, लागायला लागतात तेव्हा जा. सकाळी गेलात तर धुतलेली फरशी बघून परत याल.

जमिनीवर रांगेनं कुपा, म्हणजे टूना. आपल्याकडे पापलेट-सुरमईपुढे कुप्याला कोण विचारतं? इथे तोच राजा. जाळी टाकून नाही, गळानं एकेक करून धरलेला, त्यामुळे अंग कसं लखलखीत. कापणारे लोक बघत राहावं असे. मोठा मासा, चार वार, काटा एकीकडे, चार लांब तुकडे एकीकडे. मिनिटभरसुद्धा नाही.

पण मला चुकल्यासारखं काय वाटत होतं ते बऱ्याच वेळानं कळलं. बाजारात एकही बाई नाही! विकणारे पुरुष, कापणारे पुरुष, घेणारेही बहुतेक पुरुष. ना कोणी "ये गो ताई" म्हणून हाक मारली, ना भावावरून तोंड वाजलं. मासळीबाजार आणि इतका शांत? मला तर करमेना.

शेजारीच भाजीबाजार आहे, तिथे केळ्यांचे घड टांगलेले आणि सुकवलेल्या कुप्याचे काळे, लाकडासारखे कडक तुकडे. एक आणला. विमानात बॅग वरच्या कप्प्यात ठेवली होती, पुढचं सांगत नाही.

नाश्त्याला मस हुनी खाच: शिजवलेला कुपा कुस्करून त्यात खवलेलं ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. मी घरी नेहमी करते आता.

वरणभात

कुपाखाऊ ताई, तुमचं वाचून आमच्या हिनं पदर नाकाला लावला. आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी, वय साठच्या पुढे. मालेत पोटाचे हाल होतील असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तसे झाले नाहीत, कारण भारतीय खाणावळी आहेत. पण चहाच्या दुकानातल्या काचेमागच्या पदार्थांपासून सावध राहा! "बजिया" दिसतो हुबेहूब सामोसा. मी आनंदानं उचलला, चावलो, आत मासा. "गुल्हा" नावाचे गोल वडे असतात, त्यांतही मासा. शेवटी मी दुकानदाराला प्रत्येक ताटलीकडे बोट दाखवून विचारलं, "मस?" तो हसून दरवेळी मान डोलवायचा. असं पुष्कळ वेळा. अखेर केळं आणि चहा.

दोन वर्षं मालेकर

वरणभात काका, "मस" विचारलंत ते अगदी बरोबर केलंत. दिवेहीत, म्हणजे तिथल्या भाषेत, मस म्हणजे मासा. मत्स्यावरून आपलाही आणि त्यांचाही.

मी तिथे शाळेत शिकवायला होते, २०१३ ते १५. पहिले दोन महिने पाट्या बघून वाटायचं आपण पार परक्या मुलखात आलोय. त्यांची ताना लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. पण एकदा मुलींनी वार म्हणून दाखवले आणि मी खुर्चीतून उठलेच. आदीत्त, होम, अंगार, बुद, बुरास्फति, हुकुरु, होनिहिरु. जरा मोठ्यानं म्हणून बघा. आदित्यवार, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनि! देश पूर्ण मुसलमान, आणि मंगळवारला आपल्या अंगारकीतला अंगारक.

एक किल्ली हाती लागली की कुलपं उघडत जातात. आपल्या "स"चा तिथे "ह" होतो: सोमचा होम, सातचा हतेह, साखरेचा हकुरु. "प"चा "फ": पाचाला फहेह, पाण्याला फेन. मीठ म्हणजे लोनु, म्हणून लोणचं. रस्ता म्हणजे मगु, आपला मार्ग. दिवेही सिंहलीची जवळची बहीण, म्हणजे आपली लांबची मावसबहीणच. मुलींना मी हे फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त मजा वाटली.

पत्ता शोधताना मात्र रडकुंडीला याल. घरांना क्रमांकापेक्षा नावं, आणि आधी विभागाचं अक्षर. हेन्वेरुला एच, गलोल्हूला जी, माफन्नूला एम, मच्चंगोल्हीला एमए. एम आणि एमए यांत गडबड केलीत की शहराच्या दुसऱ्याच भागात.

आणि डिसेंबर २०१४. ४ तारखेला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि नळ बंद. मालेत विहिरीचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नाही, नदी-तळं तर नाहीच; नळाला येतं ते गोडं केलेलं समुद्राचंच. लाखावर लोक, चारी बाजूंना पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही. दुकानांत बाटल्यांसाठी रेटारेटी. तेव्हा भारतानं वायुदलाची विमानं भरून पाणी पाठवलं, मागोमाग नौदलाची आयएनएस सुकन्या आली. वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या आणि माझ्या हातात त्यांच्या वाट्याची एक बाटली ठेवली. म्हणाल्या, तुझ्याच देशाचं आहे. मी नको म्हणाले, तर रागावल्या.

जावईबापू

आमचा अनुभव छोटा आणि लाजिरवाणा. सासऱ्यांनी कोलंबोच्या विमानतळावर, वाटेत, चांगली महागाची बाटली घेतली. मी म्हटलं, बाबा, मालदीवमध्ये दारू न्यायला बंदी आहे. ते म्हणाले, "अरे सगळे रिसॉर्टवर पितातच की!" हो, पण ती रिसॉर्टची. विमानतळावर सामान यंत्रातून गेलं आणि अधिकाऱ्यानं अगदी नम्रपणे बाटली काढून पावती दिली. परत जाताना मिळेल म्हणाला. सासऱ्यांनी ती पावती पाच दिवस पासपोर्टपेक्षा जास्त जपली. मिळाली बरं का. देवाची मूर्तीही आणू देत नाहीत, त्यामुळे ज्यांच्या पिशवीत छोटा बाप्पा असतो त्यांनी आधीच घरी ठेवावा.

जुने दगड

जेवणाचं झालं असेल तर थोडं देवळाचं, म्हणजे मशिदीचं, बोलू.

हुकुरु मिस्की, म्हणजे शुक्रवारची मशीद (हुकुरु कुठून आला ते वर वाचलंतच). १६५८ साली बांधलेली, आणि सगळी प्रवाळाच्या दगडांची. हा दगड समुद्रातून ओला काढला की मऊ असतो, सुताराच्या हत्यारांनी कोरता येतो. वाळला की कडक. चुना न लावता खाचेत खाच बसवून भिंती उभ्या केल्यात. आत जायला परवानगी लागते, मला मिळाली नाही, म्हणून बाहेरूनच तासभर भिंती बघितल्या. लाकडावर कोरावं तसं नक्षीकाम. बाजूला कबरी आहेत, टोकदार शिळा पुरुषांच्या, गोलाकार बायकांच्या.

आता गंमत. इमारतीचं तोंड मक्केकडे नाही. सांगतात की जुन्या मंदिराच्या पायावर ती उभी आहे, म्हणून आत नमाजाला लोक तिरपे, कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. मालदीव ११५३ मध्ये इस्लामी झालं, त्याआधी शेकडो वर्षं बौद्ध होतं.

धर्मांतराची त्यांची दंतकथा ऐकलीत तर तुम्हीही म्हणाल, हे कुठेतरी ऐकलंय. समुद्रातून रन्नमारी नावाचा राक्षस दर महिन्याला यायचा, त्याला एक मुलगी द्यावी लागे. एका परदेशी साधूनं मुलीऐवजी स्वतः जाऊन रात्रभर कुराण वाचलं, राक्षस पळाला, राजानं धर्म बदलला. आपला बकासुर आणि भीम! फक्त भीमानं गाडाभर भात खाल्ला, इथे पठणावर काम झालं. त्या साधूची कबर मशिदीच्या समोरच आहे.

बौद्ध काळातलं जे उरलं होतं ते सुलतान पार्कमधल्या राष्ट्रीय संग्रहालयात होतं. ७ फेब्रुवारी २०१२ ला, सत्तापालटाच्या गोंधळात, जमावानं आत घुसून त्या मूर्ती फोडल्या. मी गेलो तेव्हा एका काचेपुढे बराच वेळ उभा होतो. काही बोलावंसं वाटलं नाही.

तिथून बाहेर पडताना कवड्या बघा. एके काळी इथल्या कवड्या जहाजं भरभरून बंगालला जात आणि तिथे नाणं म्हणून चालत. आपण "फुटकी कवडी देणार नाही" म्हणतो, ती कवडी कुठून यायची याचा विचारच केला नव्हता.

स्पष्टवक्ता

सगळं छान छान चाललंय म्हणून लिहितो. मला माले आवडलं नाही. उकाडा, भोंगे, सावली नाही, फुटपाथ हातभर, आणि शुक्रवारी पोहोचलो तर दुपारपर्यंत सगळं बंद. पोहायला कृत्रिम किनारा आहे, पण तिथे अंगभर कपडे घालून उतरायचं, बिकिनीवाल्यांनी रिसॉर्टवरच राहावं. दुपारी बोटीनं दहा मिनिटांवरच्या विलिमाले बेटावर गेलो, तिथे झाडं आणि शांतता, तेवढाच वेळ बरा गेला. अर्धा दिवस पुष्कळ आहे.

धागाकर्ती

स्पष्टवक्ते, तुमचं म्हणणंही खरंच आहे. शुक्रवार-शनिवार सुट्टी हे मीही धाग्यात लिहायला हवं होतं. रविवारी मात्र सगळं उघडं, शाळासुद्धा.

दोन वर्षं मालेकर

एक राहिलंच. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या काठानं चालताना सिमेंटचे चार पायांचे मोठे ठोकळे दिसतील, आपल्या मरीन ड्राइव्हसारखे. १९८७ मध्ये लाटा शहरात शिरल्या, त्यानंतर जपानच्या मदतीनं ही भिंत झाली. २००४ च्या त्सुनामीत तिनं माले बऱ्यापैकी वाचवलं. वरच्या मजल्यावरच्या आजी तेव्हा घरातच होत्या. मी विचारलं, घाबरलात का? तर म्हणाल्या, पाणी गुडघ्याएवढं आलं, पायरीवर तीन मासे सोडून गेलं. "मग?" "मग काय, शिजवले."