गुडघ्यांची झीज: एक दिवस भरपूर चालणं, मग चार दिवस पलंग. हे चक्र मोडायचं कसं?

केतकीचं_पान
आईचं वय ६४. दोन्ही गुडघ्यांत झीज, उजव्यात जास्त. ऑपरेशनची वेळ आलेली नाही, हालचाल चालू ठेवा असं डॉक्टरांचं म्हणणं. बरं वाटलं की ती पाऊण तास चालून येते, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो आणि मग चार दिवस सगळं बंद. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चालण्याने झीज वाढतेय का? व्यायाम कोणता आणि किती करावा?

वंगण
चालून चालून कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण) संपते, हा समज आधी काढून टाका. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातला द्रव तिच्यात आत-बाहेर होतो तो दाब पडला आणि सुटला की, त्यावरच ती जगते. चुकतंय ते एकदम पाऊण तास चालण्यात. वर चार दिवस पडून राहिल्याने मांडीचा स्नायू ढिला होतो, म्हणजे पुढचा पाऊण तास आणखी जड.

तीन दिवस नोंद ठेवा: दुखणं न वाढता किती मिनिटं चालता आलं? समजा १४, १७, १४. सरासरी १५, त्यातून पाचवा हिस्सा वजा, राहिली १२. सकाळी १२, संध्याकाळी १२, सपाट रस्त्यावर. आठवडा नीट गेला तर एक-दोन मिनिटं वाढवा. खरी कसोटी बरं वाटेल त्या दिवशी आहे, तेव्हाही १२च!

दुखणं ० ते १० मध्ये मोजलं तर चालताना ४ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीइतकं उतरलेलं हवं. नसेल तर दोन दिवस निम्मं चालायचं. पूर्ण बंद नाही.

आडवाट
वरचं पटलं, पण नुसत्या चालण्याने मांडीला ताकद येत नाही. एक दिवसाआड हे तीन:

गादीवर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती ५ सेकंद दाबून धरायची, १० वेळा. वाटीच्या वरचा स्नायू कडक झालेला हाताला लागला पाहिजे.

उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, ५ सेकंद धरून सावकाश खाली आणायचा. पाय धप्पकन टाकला तर निम्मा व्यायाम वाया. श्वास कोंडू नये, रक्तदाब असेल तर नक्कीच नाही. हेही १० वेळा, दोन्ही पायांनी.

तिसरा, खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठक बुटकी वाटली तर जाड चादरीची घडी घाला. टाचा किंचित मागे घेऊन पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठायचं. गुडघे आत एकमेकांकडे वळतात तिथेच बहुतेकांचं दुखतं. ते बोटांच्या रेषेत ठेवा. ८ वेळा, दोनदा.

दुसऱ्या दिवशी मांडी दुखली तर ती स्नायूंची कुरकुर, दोन-तीन दिवसांत जाते. गुडघाच सुजला किंवा गरम लागला तर जास्त झालं.

केतकीचं_पान
खूप आभार. योगवर्गात वज्रासन करायला लावतात, ते करावं का? आणि जिन्याचं काय? काठीचं नाव काढलं की आई चिडते.

वंगण
वज्रासन, उकिडवं बसणं, मांडी घालून फार वेळ बसणं तूर्त नको. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात वाटीमागचा दाब फार वाढतो. वर्गातली बाकीची आसनं खुर्चीवर बसून करता येतील का, विचारा.

जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एका हाताने कठडा धरून. भाजी, दूध, औषधं एकाच फेरीत.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. उजवा दुखतो तर डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकत्र पुढे. बहुतेक जण नेमकं उलटं धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणतात. हात खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. खालचं रबर झिजलं की बदला, ओल्या फरशीवर तेच घसरतं.

आडवाट
एक राहिलं. चालायला जाता यावं म्हणून आधी वेदनाशामक गोळी घेऊ देऊ नका. मोजायचं दुखणंच झाकलं जातं, आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर या गोळ्या डॉक्टरांना न विचारता नकोतच. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, मध्येच अडकला, किंवा पोटरी एकाच बाजूची सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दाखवा.